आधी डबा, मग लेझर

रावेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय, नाव-गाव त्याच्याच सांगण्यावरून गाळतोय. वय २०, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचं दुसरं वर्ष. भंगारवाल्याकडून जुना डीव्हीडी रायटर आणून त्यातला लेझर डायोड, म्हणजे किरण सोडणारा बारीक भाग, काढून ठेवलाय आणि व्हिडीओ बघून घरी लेझर बनवायचा ठरवलंय, "खरा" लेझर, काडी पेटवणारा. जमलं तर पुढे पाच वॅटचं निळं मॉड्यूल मागवून लाकडी कीचेनवर नावं कोरून चार पैसे कमवायचे. टेस्टिंग रात्री गच्चीवर, म्हणजे घरात कोणाला त्रास नको. मित्र म्हणतो तीनशेचा गॉगल घे, झालं. वडील म्हणतात पैसे पाण्यात. आई म्हणते, "डोये गेले म्हंजे काय करशीन?" आणि त्याचा प्रश्न असा, की नाना, आई उगाच घाबरते का, सुरुवात कुठून करू, आणि तयार मॉड्यूल घेतलं तर त्याला स्वतः बनवलेला लेझर म्हणता येईल का?

भाऊ, पहिले आईचं घेतो. ती उगाच घाबरत नाहीये. तू बघितलेल्या सगळ्या व्हिडीओवाल्यांपेक्षा ती एका वाक्यात बरोबर बोलली. डोळ्याच्या पुढच्या बाजूला भिंग आहे, ते समोरून आलेला सरळ किरण गोळा करून मागच्या पडद्यावर टाकतं, आणि तिथं पडेपर्यंत त्या उजेडाचा जोर बुबुळावर होता त्याच्या साधारण लाखपट झालेला असतो, ठिपका केसापेक्षाही बारीक. लहानपणी भिंगाने कागद जाळला असशीलच, तेच, फक्त कागदाच्या जागी तुझा पडदा. आणि पडद्याला दुखत नाही बरं का. हात भाजला तर माणूस ओरडून मागे घेतो, पडदा भाजला तर काहीच कळत नाही, थोड्या वेळाने वाचायला बसलो की अक्षरांच्या मधोमध एक डाग दिसतो, आणि तो कायमचा राहू शकतो.

आता आकडे, कारण तू डिप्लोमावाला आहेस, नुसत्या भीतीने ऐकणार नाहीस. लेझरचे वर्ग असतात. दिसणारा उजेड १ मिलीवॅटपर्यंत असला तर क्लास २, त्याचा हिशोब असा की डोळ्यात गेलाच तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्यात इजा होत नाही. ५ मिलीवॅटपर्यंत ३आर. ५ ते ५०० म्हणजे ३बी, इथून पुढे पापणी कामाची नाही, ती मिटायच्या आत काम झालेलं असतं. ५०० च्या वर क्लास ४. तुझा डीव्हीडी रायटरचा डायोड रायटिंगसाठी बनवलेला आहे, शंभर-दोनशे मिलीवॅटच्या घरातला, म्हणजे सरळ ३बी. आणि ते पाच वॅटचं मॉड्यूल म्हणजे ५००० मिलीवॅट. क्लास ४ मध्ये थेट किरण तर सोडच, लाकडावर पडलेल्या ठिपक्याकडे जवळून टक लावून बघणंसुद्धा वाईट, शिवाय आग लागते ती वेगळी.

म्हणून मला तुझा तो "खरा" शब्द खटकला. काडी पेटली तरच खरा, हे कोणी ठरवलं? जगातला पहिला लेझर १६ मे १९६० ला अमेरिकेत मालिबूला थिओडोर मेमनने चालवला, माणकाची एक छोटी दांडी, तिच्याभोवती स्प्रिंगसारखा फ्लॅश लॅम्प, आणि लाल उजेडाचा क्षणभराचा झोत. पेपरवाल्यांनी लगेच "मृत्यूकिरण" म्हणून छापून टाकलं आणि तो बिचारा वैतागला. काडी पेटवायचं वेड तेव्हापासूनचं आहे, तुझा एकट्याचा दोष नाही. पण ऐक, तो फ्लॅश लॅम्प मेमनने कॅटलॉगमधून मागवलेला होता, जनरल इलेक्ट्रिकचा तयार माल. माणकाची दांडीही त्याने घरी उगवली नव्हती. मग तू तयार डायोड घेतलास तर त्याला स्वतःचं का म्हणायचं नाही? सप्लाय तुझा, जोडणी तुझी, मोजमाप तुझं, बस की.

आणि आपल्याकडचंच सांगायचं तर बारामतीला जन्मलेल्या, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या कुमार पटेलांनी १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर बनवला. आज जळगाव-धुळ्यात अॅक्रिलिकचे बोर्ड आणि ट्रॉफ्या कापणारी जी मशिनं दुकानात दिसतात ती त्याच जातीची. त्याच्या किरणाची तरंगलांबी, म्हणजे उजेडाचा रंग ठरवणारं माप, १०.६ मायक्रोमीटर, तो डोळ्याला दिसतच नाही, म्हणून ती मशिनं पूर्ण बंद पेटीत असतात. पेटी लक्षात ठेव, परत येतो तिच्याकडे.

गच्चीचं मात्र आत्ताच रद्द कर. तुला वाटतं रात्री गच्चीवर कोणाला त्रास नाही. अरे भो, मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे अर्धी गल्ली गच्चीवर झोपलेली असते, तुला माहीत नाही का! शेजारच्या गच्चीवर एखादी म्हातारी पाणी प्यायला उठलेली असते, पोरं चांदण्या बघत पडलेली असतात. आणि गच्चीवर असतं काय काय तर स्टीलची कळशी, सोलर हीटरच्या काचेच्या नळ्या, टाकीचं ओलं झाकण. स्टीलच्या गोल भांड्यावरून किरण कुठे जाईल हे तू तर सोड, मीही सांगू शकणार नाही. वर रात्रीचा अंधार, म्हणजे बाहुली पूर्ण उघडलेली, दिवसा जेवढा उजेड आत जाईल त्याच्या कितीतरी पट जास्त आत. लेझरचं काम नेहमी भरपूर उजेड असलेल्या खोलीत करायचं, ते यासाठीच. आणि आकाशात तर मारूच नको. विमानाच्या पायलटचे डोळे दिपतात, रेल्वेलाइनकडे गेला तर लोको पायलटचे, आणि मग पोलीस घरी येतात.

तू सावध राहशील यावर माझा विश्वास आहे रे, पण लेझर चालवणारा माणूस सावध असतोच, त्याला माहीत असतं बटण कधी दाबणार. इजा होते ती अचानक दार उघडून "जेवायला चल" म्हणणाऱ्याला. तुझ्या गॉगलने तुझी आई वाचत नाही.

आता गॉगलचंच. मित्राच्या तीनशेच्या गॉगलवर काय लिहिलंय ते वाच. चांगल्या लेझर गॉगलवर कोणत्या तरंगलांबीसाठी आहे आणि ओडी किती, हे काचेवरच छापलेलं असतं. ओडी म्हणजे किती अडवतो ते. ओडी २ म्हणजे शंभरातला एक भाग आत येऊ देतो, ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक. तुझ्या ५००० मिलीवॅटला ओडी २ लावला तर ५० मिलीवॅट डोळ्यात, म्हणजे गॉगल घालूनही ३बी. ओडी ४ लावला तर अर्धा मिलीवॅट. हा फरक आहे. निळा ४५० नॅनोमीटरचा असतो, त्याला चालणारा गॉगल लाल ६५० ला बिनकामाचा असू शकतो. मॉड्यूलसोबत फुकट येतो तो हिरवा प्लास्टिकचा, त्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो उन्हात शेतात जाताना घाल. आणि ओडी ४ चा असला तरी गॉगल घालून किरणाकडे बघायचं नसतं, ती शेवटची भिंत आहे, पहिली नाही.

आता तो भंगारातला डायोड. त्यात एक सापळा आहे जो व्हिडीओत कोणी सांगत नाही. डीव्हीडी रायटरमध्ये दोन लेझर असतात, एक डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटरचा, आणि एक सीडीचा, ७८० चा, जो इन्फ्रारेड आहे आणि डोळ्याला जवळपास दिसत नाही, दिसला तर अगदी मंद लालसर. पोरं चुकून तो जोडतात, काही दिसत नाही म्हणून वाटतं उडाला, मग करंट थोडा वाढवतात, मग वाकून आत बघतात. पापणीही मिटत नाही, कारण तिला कळतच नाही की काही आलंय. एवढंच लिहून ठेव, चालू केलेला लेझर "लागला का" हे डोळ्याने पुढून कधीच बघायचं नाही, कागदावर बघायचं, करंट मीटरवर बघायचा. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये पण हीच भानगड. त्यात आत ८०८ चा इन्फ्रारेड डायोड, त्याच्या जोरावर १०६४ चा, तोही इन्फ्रारेड, आणि मग त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा, आणि इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर पैसे वाचवायला काढून टाकलेला. २०१० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या सरकारी संस्थेने तपासलेल्या एका स्वस्त पॉइंटरमधून हिरवा मिणमिणता आणि इन्फ्रारेड मात्र जवळपास २० मिलीवॅट निघत होता. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच १२२ पॉइंटर तपासले, हिरव्यातले जवळजवळ ९० टक्के आणि लालमधले ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमात बसले नाहीत. म्हणून स्टिकरवर "५ मिलीवॅट" लिहिलंय याला फार किंमत देऊ नको, आणि हे वाचणाऱ्या आईबापांनीही जत्रेतून पोराला असला पॉइंटर घेऊन देऊ नये.

नायट्रोजन लेझरचं तू पत्राच्या शेवटी एका ओळीत विचारलंयस, फॉइल आणि प्लास्टिकच्या शीटवाला, हवेवर चालणारा. सुंदर गोष्ट आहे, खोटं नाही बोलणार, आरसेसुद्धा लागत नाहीत, हवेतला नायट्रोजन वापरतो. पण त्याला दहा हजार व्होल्टच्या आसपास लागतात, ते घरी बनवलेल्या कपॅसिटरमध्ये साठवलेले, आणि निघतो तो ३३७ नॅनोमीटरचा, अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे परत न दिसणारा. मी भुसावळात तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले, डब्बा टीव्ही, त्यात पिक्चर ट्यूबला पंचवीस हजार व्होल्ट. सेट बंद करून प्लग काढलेला होता तरी एकदा ट्यूबने मला असा फटका दिला की मी मागच्या रॅकवर जाऊन पडलो, हातातला पेचकस दुकानाबाहेर. तेव्हापासून एक हात खिशात ठेवून काम करायची सवय लागली ती आजही आहे. तो लेझर कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांच्या समोर, नाहीतर नाही.

मग करायचं काय. माझा हिशोब सांगतो, पटलं तर बघ.

शेवभाजीच्या एका प्लेटपेक्षा कमी पैशात पितळी नळीतलं लाल ६५० नॅनोमीटरचं, ५ मिलीवॅटच्या आतलं छोटं मॉड्यूल मिळतं. ते घे. ते एका फळीवर स्क्रूने पक्कं बसव, हातात धरून फिरवायचं नाही. किरण टेबलाच्या जवळून, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या बराच खालून जाईल असा ठेव, आणि तो जिथे संपतो तिथे काळा रंग दिलेला, न चमकणारा एक ठोकळा. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेव. चालू करायला दाबून धरायचं बटण लाव, बोट काढलं की बंद.

त्याचे प्रयोग करत असतानाच्या दिवसांत दुसरीकडे ड्रायव्हर, म्हणजे डायोडला करंट देणारं सर्किट, बनवायला शिक. लेझर डायोडला व्होल्टेज नाही, बांधलेला करंट लागतो, आणि तो क्षणभर जरी जास्त गेला तरी डायोड मरतो आणि नुसता एलईडीसारखा मिणमिणत राहतो. एलएम ३१७ नावाची रेग्युलेटर आयसी घे, त्याचा सोपा हिशोब आहे, १.२५ भागिले रेझिस्टन्स म्हणजे करंट, १० ओहम लावलास तर १२५ मिलीअँपिअर. आणि डायोड जोडायच्या आधी खोटा लोड लाव, साधे १एन४००७ चे चार डायोड एकापुढे एक आणि एक ओहमचा रेझिस्टर. त्या एक ओहमवर मीटरला जेवढे मिलीव्होल्ट दिसतील तेवढेच मिलीअँपिअर. हे बरोबर आलं, दहा वेळा चालू-बंद करून बरोबर आलं, मगच खरा डायोड, आणि तोही आउटपुटचा कपॅसिटर पूर्ण डिस्चार्ज करून, नाहीतर त्यात साठलेलं सगळं डायोडच्या उरावर. बॅटरीवरच चालव. आपल्याकडे लाइट जाते-येते तेव्हा काय काय झटके येतात ते फ्रिजवाल्यांना विचार.

दोन गोष्टी खास आपल्या हवेच्या. हिवाळा-उन्हाळ्यात आपली हवा कोरडीठाक, अंगावर स्थिर वीज साठते आणि डायोडच्या पायाला बोट लागलं की खेळ खल्लास, म्हणून आधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लाव आणि सोल्डरिंग होईपर्यंत डायोडचे पाय बारीक तांब्याच्या तारेने एकत्र गुंडाळून ठेव. दुसरं म्हणजे उष्णता. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, डायोड तापला की उजेड कमी होतो, आणि पोरं उजेड कमी झाला म्हणून करंट वाढवतात. वाढवू नको, हीटसिंक लाव, नाहीतर सकाळी लवकर काम कर.

आता या पाच मिलीवॅटने काय होतं म्हणशील. घरात जुनी सीडी असेल, तिच्यावरच्या खाचा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यावरून तू तुझ्या लेझरची तरंगलांबी फूटपट्टीने मोजू शकतोस, नॅनोमीटरमध्ये, फूटपट्टीने! डोक्याचा एक केस किरणात ताणून धर, दोन मीटरवर भिंतीवर उजेड-अंधाराच्या पट्ट्या दिसतात, केस ७० मायक्रोमीटरचा असेल तर अंधाऱ्या पट्ट्या १८-१९ मिलिमीटर अंतराने येतात, उलट्या हिशोबाने केसाची जाडी निघते. मग केसाच्या जागी घरच्या कापसाचा एक तंतू लाव. तो बारीक, बारा ते वीस मायक्रोमीटरचा, त्यामुळे पट्ट्या साडेसहा ते दहा-अकरा सेंटीमीटरवर पसरतात, आणि केसासारख्या सरळ साफ येत नाहीत, कारण कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा असतो. जिनिंगवाला बोटाने चाचपून जे सांगतो ते तू भिंतीवर दाखवतोयस. वडलांना बोलव हे दाखवायला. कपाशी लावणारा माणूस आहे, पैसे पाण्यात गेले म्हणणार नाही.

आणि कीचेनचा धंदा? तो वाईट नाही, पण त्याचा रस्ता वेगळा आहे. आधी महिनाभर एखाद्या ट्रॉफी-नेमप्लेटवाल्याकडे सुट्टीत काम कर. गिऱ्हाईक किती येतं, एका कीचेनमागे सुटतं किती, मशीन कुठे अडतं हे दुसऱ्याच्या मशीनवर कळलेलं बरं. त्यानंतरही घ्यावंसं वाटलं तर घे, पण मॉड्यूल ऑर्डर करायच्या आधी पेटी बनव. पत्र्याची किंवा प्लायची, आतून काळा मॅट रंग, सगळ्या फटी बंद. दाराला मायक्रोस्विच, मिक्सर-मायक्रोवेव्हमधला जुना पण चालतो, तो थेट लेझरच्या सप्लायच्या वायरमध्ये, म्हणजे दार उघडलं की करंटच तुटला. प्रोग्रॅमवर सोडू नको, कारण बोर्ड चालू होताना सिग्नलची तार क्षणभर काहीही करते आणि लेझर लागू शकतो. वर किल्लीचा स्विच, किल्ली तुझ्या खिशात. आत बघायला काच लावू नको, साधी पारदर्शक काच आणि अॅक्रिलिक निळा उजेड सरळ जाऊ देतात, त्यापेक्षा आत जुना मोबाईल ठेव आणि कॅमेऱ्यातून बघ. धुरासाठी पंखा, पाइप खिडकीबाहेर. चालू असताना चहा प्यायला उठायचं नाही, वाळलेलं लाकूड आहे, बाजूला वाळूची बादली.

आणि जळगाव जिल्ह्यात राहतोस म्हणून मुद्दाम सांगतो, पीव्हीसी पाइपचे तुकडे आपल्याकडे पायाखाली पडलेले असतात, त्यावर नाव कोरून बघायचा मोह होईल. करू नको. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, छातीत जातो आणि मशीनचं लोखंडही गंजवतो. रेक्झिनचंही तेच.

हे सगळं करूनही कधी डोळ्यात गेलाच, तुझ्या किंवा कोणाच्या, तर चोळायचं नाही, उद्यावर टाकायचं नाही. एकेक डोळा झाकून गणिताच्या चौकटीच्या वहीकडे बघ, रेघा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला तर त्याच दिवशी पडदा तपासणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि लेझर किती नॅनोमीटरचा, किती मिलीवॅटचा हे लिहून ने. डाग दिसला नाही तरी दाखवून ये. हेच वरातीतल्या डीजेच्या लेझरलाही लागू आहे, गणपतीच्या मिरवणुकीत पोरांचे पडदे भाजल्याच्या बातम्या आल्या आणि बऱ्याच शहरांत पोलिसांनी त्या लाइटवर बंदी घातली, तरी लग्नात कोण ऐकतं. मोबाईलचे कॅमेरेही त्यात जातात, आश्चर्य म्हणजे लोकांना त्याचं दुःख जास्त होतं.

एक जाता जाता, इंदूर आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे. तिथे १९८४ पासून सरकारचं मोठं लेझर संशोधन केंद्र आहे, आरआरकॅट. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास विद्यार्थ्यांना बघायला मिळतं का हे तुमच्या सरांना कॉलेजकडून पत्र टाकून विचारायला सांग.

तोपर्यंत सीडीचं काम उरकून टाक. सीडी भिंतीपासून बरोबर एक मीटरवर, भिंतीकडे तोंड करून, आणि मॉड्यूल दोन्हीच्या मध्ये, किरण सीडीवर सरळ पडेल असं. मधला ठिपका मॉड्यूलवरच परत येतो, म्हणून भिंतीवर मॉड्यूलच्या सरळ मागे खूण कर, तिच्यापासून बाजूचा पहिला ठिपका साधारण ४४ सेंटीमीटरवर यायला पाहिजे. डावीकडे ४० आणि उजवीकडे ४९ आला तर लेझरला दोष देऊ नको, सीडी तिरकी बसलीय. नीट बसव, परत मोज आणि दोन्ही आकडे मला कळव.